गाडीतले घड्याळ बंद पडले? आधी फ्यूज पाहा, मग भेग शोधा

मे महिन्यातली दुपार. जळगावच्या बाजारात दोन तास उन्हात उभी असलेली गाडी मालक उघडतो. आतून भट्टीसारखी वाफ येते. स्टेअरिंगला हात लावताच चटका बसतो. एसी सुरू करून तो डॅशबोर्डकडे पाहतो, तर घड्याळाची जागा काळी. तळहाताने वरून एक थाप मारली की आकडे उमटतात, पुढच्या गतिरोधकावर पुन्हा गायब होतात. एरंडोल गेले, पारोळा गेले, धुळ्यात शिरेपर्यंत अंधार पडला, गाडी आतून गार झाली आणि घड्याळ आपोआप सुरू झाले. त्यातली वेळही बरोबर!

खान्देशात चारचाकी वापरणाऱ्या अनेकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. गॅरेजमध्ये दाखवले तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, ‘पूर्ण युनिट बदलावे लागेल.’ जुन्या गाडीचे ते युनिट मिळत नाही आणि मिळालेच तर घड्याळापुरता एवढा खर्च करावासा वाटत नाही. मग लोक घड्याळाचा नाद सोडतात आणि वेळ मोबाइलवर पाहू लागतात.

इथेच खरा धोका सुरू होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. मोबाइल उचलून, पडदा उजळवून वेळ पाहायला दोन सेकंद लागले तरी तेवढ्यात गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते, तीही चालकाने रस्ता न पाहता. ट्रक, ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या एकाच रस्त्यावर चालतात तिथे हे अंतर फार मोठे आहे. डॅशबोर्डवरचे घड्याळ मात्र नजर रस्त्यावरून जेमतेम हलवून दिसते. म्हणून ती दुरुस्ती क्षुल्लक समजू नये. शिवाय बऱ्याचदा ती घरच्या घरी, थोड्या साहित्यात होऊ शकते. त्यासाठी घड्याळ का बंद पडते हे आधी समजून घ्यावे लागते.

डॅशबोर्ड किती तापतो?

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, हे इथल्या लोकांना सांगायला नको. पण हे तापमान सावलीतल्या हवेचे असते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचे गणित वेगळे आहे. काचेतून सूर्यप्रकाश आत येतो, काळा डॅशबोर्ड तो शोषून तापतो आणि आतली हवा तापवतो. ती गरम हवा बाहेर जाऊ शकत नाही. तापलेल्या पृष्ठभागातून निघणारी उष्णतेची किरणेही काचेतून सहज बाहेर पडत नाहीत. समोरच्या काचेखालीच असल्यामुळे सर्वाधिक ऊन झेलतो तो डॅशबोर्ड.

अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात संशोधकांनी ३८ अंशांपेक्षा जास्त तापमानाच्या दिवसांत उभ्या गाड्यांची मोजमापे घेतली. २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाडीत हवेचे सरासरी तापमान ४७ अंश, सीटचे ५१, स्टेअरिंगचे ५३ आणि डॅशबोर्डचे ६९ अंश भरले. सावलीत उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्ड सरासरी ४८ अंशांवर होता. म्हणजे केवळ सावलीमुळे २१ अंशांचा फरक पडला. अॅरिझोनाचा उन्हाळा आणि खान्देशचा उन्हाळा यांत फार अंतर नाही. त्यामुळे जळगावात मे महिन्याच्या दुपारी डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास जात असेल, तर नवल नाही.

आता दुसरे टोक पाहू. खान्देशात थंडीही कडक पडते. थंडीच्या लाटेत धुळ्याचा किमान पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्डही पहाटे तेवढाच गार होतो. म्हणजे जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांच्यात त्या छोट्या घड्याळाला ६० अंशांहून अधिक फरक सोसावा लागतो. शिवाय उन्हाळ्यात रोज तापणे, एसी लागताच थंड होणे, पुन्हा तापणे हे चक्र वेगळेच.

केसाहून बारीक हालचाल

तापले की पदार्थ प्रसरण पावतात आणि थंड झाले की आकुंचन पावतात. जुन्या रेल्वेमार्गांवर रुळांच्या जोडात फट ठेवलेली दिसते ती याचसाठी. घड्याळाच्या आतही हेच घडते, पण तिथे फट ठेवायला जागा नसते.

घड्याळाच्या आत हिरवट रंगाची एक पाटी असते, तिला सर्किट बोर्ड म्हणतात. काचतंतू आणि रेझिन यांपासून ती बनते. तिच्यावर तांब्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांवर रेझिस्टर, कपॅसिटर, चिप असे सुटे भाग सोल्डरने जोडलेले असतात. सोल्डर म्हणजे कथिल आणि शिसे यांचा, किंवा नव्या वस्तूंत शिसेविरहित, मिश्रधातू. जुन्या भाषेत याला डाख म्हणत. सोनार दागिन्याचे दोन तुकडे जोडताना जे करतो, त्याच तत्त्वावरचे हे काम. तो टाकणखार वापरतो, इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्याऐवजी राळेपासून बनवलेले फ्लक्स वापरतात. उद्देश एकच असतो, धातूवरचा गंज दूर करून डाख नीट पसरू देणे.

अडचण अशी, की हे सगळे पदार्थ सारखे प्रसरण पावत नाहीत. एक मीटर लांबीची वस्तू एका अंशाने तापवली, तर बोर्ड साधारण १६ मायक्रॉनने वाढतो आणि रेझिस्टरचे चिनी मातीसारखे अंग साधारण ७ मायक्रॉनने. रेझिस्टर ३ मिलिमीटर लांब आहे आणि तापमान ५० अंशांनी वाढले, असे धरले तर दोघांच्या वाढीतला फरक सुमारे १.३५ मायक्रॉन येतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा फरक केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. पण तो सगळा ताण दोन टोकांच्या सोल्डरवर येतो.

एकदा-दोनदा एवढ्याने काही होत नाही. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, तीच पुनःपुन्हा वाकवली की तुटते. सोल्डरचेही तसेच. वर्षानुवर्षे रोज ताण बसत गेला की त्यात भेग पडते. त्यात रस्त्याचे हादरे भर घालतात. धातूचा पाय बोर्डच्या छिद्रातून आलेला असतो, तिथे ही भेग पायाभोवती गोल कड्यासारखी पडते. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. काळ्या जमिनीला मे महिन्यात भेगा पडतात, त्या ओल गेल्यामुळे. इथे कारण उष्णतेचा ताण आहे, पण भिंगातून दिसणारे चित्र बरेचसे तसेच असते.

आता सुरुवातीच्या कोड्याचा उलगडा होतो. भेगेच्या दोन्ही कडा टेकलेल्या असल्या की वीज वाहते आणि घड्याळ चालते. तापमान बदलले किंवा हादरा बसला की कडा सुटतात आणि आकडे जातात. थाप मारली की त्या पुन्हा टेकतात. म्हणजे घड्याळ जळालेले नसते, त्याच्या वाटेत फक्त एक बारीक फट पडलेली असते. वेळ बरोबर राहते त्याचे कारण असे, की वेळ मोजणारी चिप चालूच असते. तुटतो तो बऱ्याचदा आकडे उजळवणारा मार्ग.

उघडण्याआधी लक्षणे ओळखावीत

डॉक्टर औषध देण्याआधी लक्षणे विचारतो. इथेही तीच पद्धत ठेवावी, कारण निम्मे काम तिथेच होते.

घड्याळाला साधारणपणे चार तारा येतात. पहिली बॅटरीकडून कायम येणारी, ती वेळ लक्षात ठेवते. दुसरी चावी फिरवल्यावर येणारी, ती आकडे उजळवते. तिसरी दिव्यांच्या स्विचकडून येणारी, ती रात्री आकडे मंद करते. चौथी म्हणजे अर्थिंग. कोणती तार अडली यावरून लक्षण बदलते.

गाडी बंद केली की प्रत्येक वेळी घड्याळ १२ किंवा १ वाजल्यावर येते, पण गाडी चालू असताना ठीक चालते. अशा वेळी दोष घड्याळात नसून कायम पुरवठ्यात असतो. अनेक गाड्यांत ही तार आतल्या छतावरच्या दिव्याच्या फ्यूजवरून जाते. दरवाजा उघडल्यावर तो दिवाही लागत नसेल, तर फ्यूज उडाला आहे असे जवळजवळ नक्की समजावे.

भर दिवसा आकडे इतके मंद असतात की दिसतच नाहीत. अशा वेळी पार्किंग लाइटचा स्विच चुकून चालू राहिला आहे का, हे पाहावे. दिवे लागले की घड्याळ मुद्दाम मंद होते. हा बिघाड नव्हे.

भर उन्हात पडदा पूर्ण काळा पडतो आणि गाडी गार झाली की आपोआप ठीक होतो. राखाडी पार्श्वभूमीवर काळे आकडे असलेल्या एलसीडी घड्याळात हे होते. त्यातला द्रवस्फटिक ठरावीक तापमानापलीकडे आपली विशिष्ट रचना सोडतो. इथे सोल्डरिंगचा उपयोग नाही, सावली हाच उपाय.

आकड्यांतल्या एक-दोन रेघाच गायब असतात आणि आठचा आकडा तीनसारखा दिसतो. एलसीडी घड्याळात पडदा आणि बोर्ड यांच्यामध्ये रबराची एक पट्टी असते. तिच्यात वीजवाहक आणि अवाहक थर आलटून पालटून असल्यामुळे तिला झेब्रा पट्टी म्हणतात. तिच्यावर धूळ बसली किंवा तिचा दाब सैल झाला की रेघा जातात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पट्टी आणि बोर्डवरच्या तिच्या जागा हळुवार पुसून, पट्टी सरळ बसवून पडदा पुन्हा घट्ट केला की बहुधा काम होते.

थाप मारल्यावर आकडे येतात, खड्ड्यात जातात, गरम-थंड होताना बदलतात. हे भेगेचे लक्षण.

फ्यूज: पाच मिनिटांची तपासणी

काहीही उघडण्याआधी फ्यूज पाहावा. फ्यूजची पेटी स्टेअरिंगच्या खाली किंवा बोनेटमध्ये असते. कोणता फ्यूज कशाचा हे झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. गाडी बंद करून फ्यूज ओढून काढावा आणि उजेडात धरावा. आतली पट्टी तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवावा. रंगावरूनही तो ओळखता येतो. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा.

मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणे, हे दोन्ही प्रकार टाळावेत. फ्यूज वायरिंग वाचवण्यासाठी स्वतः जळतो. त्याच्या जागी चांदी असली तर वायर तापते आणि गाडीला आग लागू शकते. नवा फ्यूज काही रुपयांत मिळतो. तो पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावे.

फ्यूज ठीक असेल तर घड्याळ बाहेर काढून त्याच्या प्लगवर मल्टिमीटरने पाहावे. कायम तारेवर गाडी बंद असतानाही साधारण १२ व्होल्ट दिसले पाहिजेत, चावी फिरवल्यावर दुसऱ्या तारेवरही. दोन्हीकडे व्होल्ट आहेत आणि अर्थिंगही पक्के आहे, तरी घड्याळ बंद, तर दोष नक्की आतच आहे.

डाख कसा द्यावा?

साहित्य थोडे लागते. २५ वॅटचा बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स असलेली बारीक सोल्डर वायर, जुना डाख शोषून घेणारी तांब्याची जाळीपट्टी, भिंग, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. हे सगळे इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते आणि नव्या युनिटच्या तुलनेत फार स्वस्त पडते. आयर्न पहिल्यांदाच हातात धरणाऱ्याने आधी एखाद्या बिघडलेल्या रेडिओच्या बोर्डवर वीस-पंचवीस जोड देऊन हात बसवावा.

सुरुवातीला बॅटरीची ऋण तार, म्हणजे काळी, सोडावी. काही गाड्यांत बॅटरी सोडली की रेडिओ कोड मागतो, त्यामुळे तो आधी लिहून ठेवावा. घड्याळाभोवतीची प्लास्टिकची चौकट क्लिपांवर बसलेली असते. प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने ती हळूहळू उचलावी. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने ओरखडे पडतात. हे काम सकाळी किंवा सावलीत करावे. भर उन्हात डॅशबोर्डच्या कडा हाताला लागतात आणि जुने, कडक झालेले प्लास्टिक तुटते. निघालेले स्क्रू एका वाटीत ठेवावेत आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढावा. परत जोडताना त्याचा उपयोग होतो.

बोर्ड बाहेर आला की आधी तो नुसता पाहावा. प्लगच्या पिना जिथे बोर्डला जोडलेल्या असतात ती जागा पहिली. प्लग काढता-घालताना आणि हादऱ्यांत सर्वाधिक ताण तिथेच येतो. दुसरी जागा म्हणजे तापणारे मोठे रेझिस्टर. त्यांच्याभोवती बोर्ड तपकिरी पडलेला असतो. निळसर-हिरवे आकडे उजळणाऱ्या घड्याळात हे जास्त दिसते, कारण त्याला वीज जास्त लागते आणि बाहेरच्या उन्हात आतली उष्णताही मिळते. भिंग धरून बोर्ड तिरका केला की पिनेभोवतीचे काळे कडे किंवा रेझिस्टरच्या टोकाशी असलेली बारीक रेघ दिसते. दिसली नाही तरी संशयित जोडांवर पुन्हा डाख द्यायला हरकत नसते.

जोड आधी अल्कोहोलने पुसावा. जुना डाख जाळीपट्टीने काढून घेतलेला बरा, कारण झिजलेल्या डाखावर नवा थर नुसता चढवला की भेग आत राहू शकते. मग आयर्नचे टोक पिनेला आणि तिच्याखालच्या तांब्याच्या चकतीला एकाच वेळी टेकवावे. साधारण एक सेकंदाने सोल्डर वायर जोडाला लावावी, आयर्नच्या टोकाला नव्हे. डाख वितळून पिनेभोवती पसरला की आधी वायर आणि मग आयर्न उचलावा. सगळे दोन-तीन सेकंदांत व्हावे. जोड थंड होईपर्यंत बोर्ड हलवू नये.

कथिल ६३ टक्के आणि शिसे ३७ टक्के असलेला डाख १८३ अंशांना वितळतो. नेहमीच्या शिसेविरहित डाखाला साधारण २२० अंश लागतात. आयर्नचे टोक ३२० ते ३५० अंशांवर असते, त्यामुळे ते जास्त वेळ टेकवले तर तांब्याची चकती बोर्डवरून सुटते. चांगला जोड चकचकीत, पिनेकडे चढत गेलेल्या छोट्या शंकूसारखा दिसतो. गोळीसारखा फुगलेला जोड आतून चिकटलेला नसतो. शिसेविरहित डाख मात्र चांगला असूनही थोडा निस्तेज दिसतो.

शेवटी शेजारच्या दोन जोडांत डाखाचा पूल झालेला नाही ना, हे भिंगातून पाहावे. बोर्ड ब्रश आणि अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावा. चौकट बसवण्याआधी प्लग जोडून, बॅटरीची तार लावून घड्याळ चालते का ते तपासावे.

हात, श्वास आणि मुले

या कामात काळजी घ्यावी लागते ती दोन गोष्टींची. पहिली म्हणजे शिसे. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. खरा धोका हातावाटे तोंडात जाण्याचा असतो. म्हणून काम करताना खाणे, पाणी पिणे, विडी ओढणे आणि विशेषतः तंबाखू मळणे पूर्ण बंद ठेवावे. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. डाखाचे तुकडे जमिनीवर राहू देऊ नयेत. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो, त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात किंवा मुले खेळतात तिथे करू नये. गर्भवतींनीही दूर राहावे.

दुसरी गोष्ट म्हणजे फ्लक्सचा धूर. राळेच्या धुरामुळे दमा होऊ शकतो, हे अनेक वर्षे सोल्डरिंग करणाऱ्या कामगारांत दिसून आले आहे. ज्याला आधीच दमा आहे त्याला थोड्या धुरानेही त्रास होतो. काम खिडकीजवळ करावे, धूर तोंडापासून दूर जाईल असा छोटा पंखा लावावा आणि डोके बोर्डच्या अगदी वर नेऊ नये. डोळ्यांवर साधा चष्मा तरी असावा.

काट्यांचे जुने घड्याळ

जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी आणखी एक दुरुस्ती. इलेक्ट्रॉनिक घड्याळे येण्याआधी डॅशबोर्डवर काट्यांचे घड्याळ असे. त्यात छोटी स्प्रिंग असते आणि ती उलगडली की दोन धातूचे संपर्कबिंदू जुळतात. विद्युतचुंबकाला एक झटका मिळतो आणि स्प्रिंग पुन्हा गुंडाळली जाते. बॅटरी अशक्त झाली की झटका अपुरा पडतो, बिंदू जुळलेलेच राहतात आणि तापून चिकटतात किंवा जळतात. घड्याळ थांबते. अतिशय बारीक पॉलिश पेपरने हे बिंदू साफ करून, धुऱ्यांना घड्याळाच्या तेलाचा थेंब दिला की अनेक घड्याळे पुन्हा चालू लागतात. म्हणून जुनी गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर घड्याळाची तार सोडून ठेवणे चांगले.

दुरुस्त झाले, पण मागे का पडते?

दुरुस्तीनंतर उन्हाळ्यात घड्याळ दर महिन्याला थोडे मागे पडते, अशी तक्रार येऊ शकते. त्यात दुरुस्तीचा दोष नसतो. घड्याळाचे हृदय म्हणजे क्वार्ट्झचा स्फटिक. मनगटी घड्याळात आणि अनेक छोट्या घड्याळांत चिमट्याच्या आकाराचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की १ उरतो आणि चिप त्यालाच एक सेकंद धरते.

हा स्फटिक साधारण २५ अंशांवर सर्वात अचूक चालतो. तापमान त्याहून वर गेले की तो मंदावतो आणि खाली गेले तरी मंदावतो. घड्याळाच्या आत ६५ अंश झाले, तर तो दिवसाला साडेचार ते पाच सेकंद मागे पडण्याच्या गतीने चालतो. रोज सहा तास गाडी अशी तापली असे धरले, तर महिन्याला सुमारे ३५ सेकंद होतात. काही गाड्यांतल्या घड्याळांत सेकंदाला ४१,९४,३०४ कंपनांचा, वेगळ्या पद्धतीने कापलेला स्फटिक असतो. उष्णतेचा परिणाम त्याच्यावर कमी होतो.

कुठे थांबावे?

प्रत्येक घड्याळ उघडण्याजोगे नसते. नव्या गाड्यांत ते वेगमापकाच्या पॅनलमध्ये किंवा टचस्क्रीनमध्येच असते. तिथे बिघाड भेगेचा नसून सॉफ्टवेअरचाही असू शकतो. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिका आणि इतर काही देशांत होंडाच्या अनेक गाड्यांची नेव्हिगेशनमधली घड्याळे अचानक २००२ साल दाखवू लागली होती. ती सोल्डरिंगने दुरुस्त होण्यासारखी नव्हती. अशी पॅनले उघडू नयेत. गाडी किती किलोमीटर चालली याची नोंद त्यातच असते.

एअरबॅगच्या बाबतीत तर प्रयोग नकोच. भारतात जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. तिच्या तारांचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. घड्याळापर्यंत जाताना पिवळा कनेक्टर वाटेत आला तर काम थांबवावे आणि त्यावर मल्टिमीटरही लावू नये. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाच दाखवावे.

उष्णता फक्त घड्याळाला लागत नाही

दुरुस्ती टिकवायची असेल तर उपाय एकच आहे, तापणे आणि थंड होणे कमी करणे. समोरच्या काचेला आतून चमकदार पडदा लावावा, शक्य तिथे गाडी सावलीत उभी करावी, डॅशबोर्डवर सुती कापड टाकावे. गाडीत बसल्यावर आधी काचा खाली करून गरम हवा जाऊ द्यावी आणि मग एसी लावावा. त्यामुळे घड्याळाला अचानक थंडीचा धक्का बसत नाही आणि एसीवरचा भारही कमी होतो.

पण सोल्डरला भेग पाडणारी ही उष्णता गाडीतल्या इतर गोष्टींनाही तेवढीच लागते. मधुमेहाचे अनेक रुग्ण तालुक्याहून जळगाव किंवा धुळ्याला तपासणीसाठी येताना इन्सुलिन गाडीतच ठेवतात. वापरात असलेले इन्सुलिन ३० अंशांच्या आत राहायला हवे. ४७ अंशांच्या गाडीत त्याचा गुण कमी होतो आणि बाहेरून पाहून ते नेहमी ओळखता येत नाही. रुग्ण नेहमीचा डोस घेतो, पण साखर उतरत नाही. इन्सुलिन सोबत बर्फ न टेकणाऱ्या थंड पिशवीत न्यावे, गाडीतून उतरताना बरोबर घ्यावे. दम्याचा पंप, डिओड्रंटचा डबा, लायटर, पॉवर बँक हेही डॅशबोर्डवर सोडू नयेत.

सर्वात मोठी काळजी मुलांची. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उभ्या गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. ‘पाच मिनिटांत आलोच’ म्हणून झोपलेल्या बाळाला गाडीत ठेवून दुकानात जाणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. वृद्ध आणि आजारी माणसांनाही हेच लागू होते.

गाडीतले घड्याळ उन्हाळ्यात थाप मारल्याशिवाय चालत नसेल, तर फ्यूज पाहावा, भेग शोधावी, डाख द्यावा. त्याबरोबर गाडी उभी करण्याची जागाही बदलावी. घड्याळाची ती भेग गाडीच्या आत किती उष्णता साचत होती, हे सांगत असते.